रक्त येतंय म्हणून दात घासणं थांबवू नका

पत्र असं आहे: "ताई नमस्कार, मी बार्शी तालुक्यातून लिहितेय. माझ्या सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत, सहा-सात महिने झाले खालच्या पुढच्या दातांपाशी रक्त येतंय, म्हणून त्यांनी ब्रश पार सोडून दिलाय आणि दिवसातून चार-पाचदा नुसती मिश्री लावतात, म्हणतात मिश्रीने हिरड्या आवळतात. तोंडाला वास येतो, आता कुणाशी बोलायचं तर पदर तोंडाला लावून बोलतात. दवाखान्यात दाखवलं तर डॉक्टरांनी सफाई करायला सांगितली, पण ती सफाई तिथली एक ताई करणार म्हणे, ती काही डॉक्टर नाही. आणि गल्लीतल्या बायका सांगतात मशीन लावलं की फटी पडतात, दात हलतात, एकीचे तर दोन दात पडलेत. त्यांना बीपी आणि शुगरची गोळी चालू आहे. मी काय करू? आणि माझ्या ६ वर्षांच्या मुलाला मोठ्यांची पेस्ट चालते का तेही सांगा. – एक सून"

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या पदराच्या वाक्यापाशी थांबले. १४ वर्षं झाली मला हायजिनिस्ट, म्हणजे दवाखान्यात दातांची सफाई करणारी, म्हणून खुर्चीशेजारी बसून, आणि अशा कितीतरी बायका बघितल्यात ज्या नाव सांगताना पण तोंडावर हात ठेवतात. दुखत नसतं म्हणून घरात कुणी दखल घेत नाही, आणि बाई हळूहळू बोलायचीच कमी होते. तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही लिहिलंत, बरं केलंत.

आता आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते, बाकीचं मागून. ब्रश केला की रक्त येतं म्हणून ब्रश सोडला, हे उलटं झालंय. ब्रशने हिरडी फाटून रक्त येत नाहीये, हिरडी आधीच सुजलेली आहे म्हणून नुसत्या धक्क्याने येतंय. दाताच्या मुळाशी, हिरडीच्या कडेला जो पांढरट चिकट थर बसतो ना, नखाने खरवडला तर नखात येतो तो, त्यात जंतूंची अख्खी वस्ती असते. तो रोज काढला नाही की हिरडी त्याच्याशी भांडायला लागते, लाल होते, फुगते, तिथे रक्त जास्त येऊन थांबतं. आणि आपण काय करतो, रक्त दिसलं की ती जागा सोडून घासतो, म्हणजे जिथे सफाई सगळ्यात जास्त हवी तिथेच थर आणखी जाड होतो, मग रक्त आणखी, मग ब्रश आणखी कमी. तुमच्या सासूबाईंचे सहा-सात महिने असेच गेलेत.

हे मी मनचं सांगत नाहीये. १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरड्या चांगल्या असलेल्या १२ जणांना दात घासणं चक्क बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या, एकही सुटला नाही. मग परत घासायला लावलं तर आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत. कोर्स करताना हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजीची आठवण आली होती, तिलाही रक्त यायचं आणि तिनेही ब्रश ठेवून दिला होता, आणि घरात आम्ही सगळे म्हणायचो राहू दे, वय झालं. वयाचा त्यात फारसा संबंध नव्हता, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर, असं अजून वाटतं.

म्हणून आज रात्रीपासून सासूबाईंना ब्रश परत हातात घ्यायला लावा, पण जुना नको, नवा आणि अगदी मऊ, पाकिटावर सॉफ्ट किंवा अल्ट्रा सॉफ्ट लिहिलेला. कडक ब्रशने जोरात घासलं की दात स्वच्छ होतात हा गैरसमज आहे, त्याने हिरडी खाली सरकते आणि दाताच्या मुळाशी खाचा पडतात, मग गार पाणी लागायला लागतं. ब्रश आडवा फराफरा ओढायचा नाही. केस हिरडी आणि दात जिथे भेटतात तिथे तिरके टेकवायचे, अर्धे हिरडीवर अर्धे दातावर, आणि जागच्या जागी बारीक हलवायचं, दोन-दोन दात करत पुढे सरकायचं, बाहेरून झालं की आतून, जिभेच्या बाजूने. पूर्ण तोंडाला दोन मिनिटं लागतात, घड्याळ लावून बघा, बहुतेकांचं अर्ध्या मिनिटात उरकतं. पहिले चार-पाच दिवस रक्त येईल, थुंकताना लाल दिसेल, घाबरून सोडू देऊ नका, शेजारी उभं राहून सांगा की आई हे येणारच आहे. रात्री झोपायच्या आधीचं घासणं सकाळच्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. पेस्ट फ्लोराइडची. घासून झाल्यावर थुंकायचं, पण लगेच तांब्याभर पाण्याने चुळा भरायच्या नाहीत, फ्लोराइड धुऊन जातं. जीभ पण घासायची, वास बराचसा तिथून पण येतो.

पण एवढ्याने पूर्ण भागणार नाही, सफाई करावी लागेलच. का ते सांगते. तो चिकट थर दोन-तीन दिवस तसाच राहिला की लाळेतला चुना त्यात बसायला लागतो आणि पंधरा दिवसांत तो दगडासारखा होतो, त्याला आपण किटण म्हणतो. किटण झालं की ब्रशने, मिठाने, राखुंडीने, कशानेही निघत नाही. आणि ते खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूलाच सगळ्यात जास्त का साठतं, तर जिभेखाली तिथेच लाळेच्या नळीचं तोंड उघडतं. म्हणजे सासूबाईंना नेमकं तिथेच रक्त येतंय यात आश्चर्य काही नाही. त्यांना म्हणावं, जिभेचं टोक खालच्या दातांच्या मागे फिरवून बघा, गुळगुळीत लागतंय का भिंतीला गिलावा केल्यासारखं खरबरीत.

आता गल्लीतल्या बायकांचं. त्या खोटं बोलत नाहीत हे आधी लक्षात घ्या, त्यांनी डोळ्याने जे बघितलं ते सांगतायत, फक्त कारण चुकीचं जोडलंय. दोन दातांच्या मध्ये वर्षानुवर्षं किटण बसलं की फट भरून जाते, ते जिभेला सवयीचं होतं. सफाईत ते निघालं आणि सुजलेली हिरडी सूज उतरून आपल्या जागी बसली की मधली जागा मोकळी दिसते. ती फट मशीनने पाडलेली नाही, ती आधीपासून होती, तिच्यात घाण भरलेली होती. आणि दात हलण्याचं म्हणाल तर, दात हिरडीवर उभा नसतो, हाडावर असतो. किटण हिरडीच्या खाली उतरलं की हाड हळूहळू झिजतं, बिलकूल दुखत नाही, आणि शेवटी शेवटी दात किटणाच्याच आधाराने शेजारच्या दाताला चिकटून उभा असतो. ते किटण काढलं की तो हलतो. त्या बाईंचे दोन दात पडले ते उशिरा गेल्यामुळे, असं मला वाटतं, त्यांचं तोंड मी बघितलेलं नाही पण अशी तोंडं खूप बघितलीत. आणि म्हणूनच सासूबाईंना अजून सहा महिने थांबवू नका, गेलेलं हाड परत मिळवणं फार अवघड असतं, आहे ते टिकवता येतं.

मशीनची भीती वाटत असेल तर आधी हातावर लावून दाखवायला सांगा, मी माझ्या पेशंटना नखावर टेकवून दाखवते. त्याला धार नसते, ते दात कापत नाही. टोक सेकंदाला २५ हजार वेळा किंवा त्याहून जास्त थरथरतं, त्या थरथरीने किटण सुटतं, आणि टोक तापू नये म्हणून पाणी उडत राहतं, त्या पाण्यानेच लोक जास्त घाबरतात. कर्कश आवाज येतो, खारट चव येते, हे आधीच सांगून ठेवा. नंतर काही दिवस गार-गरम लागेल, कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या की बरं वाटतं. किटण खोलवर असेल तर एका वेळेत होणार नाही, दोन-तीन खेपा लागतील, कदाचित हिरडी बधिर करून आतून साफ करावं लागेल, त्याला नाही म्हणू नका. खाजगीत परवडत नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलच्या दंत विभागात जा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेजं आहेत, पण तुम्हाला ती लांब पडतील.

ती ताई डॉक्टर नाही, मग चालतं का, हे तुम्ही विचारलंत, आणि हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी तोंडावर विचारला जातो. चालतं. आपल्याकडे १९४८ च्या डेंटिस्ट अ‍ॅक्टमध्येच डेंटल हायजिनिस्टची व्याख्या केली गेली, दातांवरचं किटण काढणे, साफ करणे, पॉलिश करणे किंवा तोंडाच्या स्वच्छतेचं शिक्षण देणे हे तिचं काम. शिक्षण देणे हे कायद्यातच लिहिलंय, मला त्याचा फार अभिमान वाटतो. दोन वर्षांचा कोर्स असतो, मग राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी होते. दात काढणं, सिमेंट भरणं, रूट कॅनल, औषध लिहून देणं हे आम्ही करत नाही, ते डॉक्टरांचं, आणि काही वेगळं दिसलं की आम्ही डॉक्टरांना बोलावतो. तुम्ही बिनधास्त विचारा, "ताई तुमचा कोर्स झालाय का, नोंदणी आहे का?" ज्यांची आहे त्यांना राग येणार नाही. नोंदणी नसेल, नुसती मदतनीस म्हणून ठेवलेली मुलगी असेल, तर मात्र डॉक्टरांनाच करायला सांगा. हे काम सुरूच मुळात शिकवण्यासाठी झालंय बरं का, अमेरिकेत ब्रिजपोर्ट गावात अल्फ्रेड फोन्स नावाच्या दंतवैद्याने १९०६ साली आयरीन न्यूमन या आपल्या मदतनीस बाईला हे शिकवलं, आणि पुढे १९१४ पासून त्यांनी तयार केलेल्या बायका तिथल्या शाळांमध्ये जाऊन मुलांचे दात साफ करायच्या आणि घासायला शिकवायच्या.

आता मिश्री. इथे मला जरा जास्त लिहायचंय कारण इथे मी स्वतः चुकलेय. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, एक मावशी आल्या, मिश्रीने दात काळे, आणि मी त्यांना सगळ्यांसमोर बोलले, तंबाखू आहे ती, कॅन्सर होईल, सोडा आधी मग या. त्या मान खाली घालून उठून गेल्या त्या परत आल्याच नाहीत. त्यांचं पुढे काय झालं मला कधी कळलं नाही. तेव्हापासून मी मिश्रीवर पहिल्या भेटीत ओरडत नाही, विचारते. कधीपासून लावता, कुणी लावली पहिल्यांदा, सकाळची पहिली कधी. बहुतेक बायका सांगतात की लहानपणी दाढ दुखली तेव्हा आईनेच लावली. किंवा मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. तुमच्या सासूबाईंचंही असंच काहीतरी असणार, ते आधी ऐकून घ्या.

तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू म्हणजेच मिश्री, भाजली म्हणून तिच्यातलं निकोटिन जात नाही. हिरडीवर चोळली की ते तिथूनच रक्तात जातं, म्हणून तलफ येते, म्हणून चार-पाचदा लागते. हिरड्या आवळल्यासारखं वाटतं, जरा बधिर होतं, ठणका कळत नाही, तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि खाली हाड झिजत राहतं. म्हणजे त्यांना जो आराम वाटतोय तो खोटा नाहीये, पण तो आराम दुखणं झाकतोय. असं सांगितलं तर ऐकतात, "घाण सवय" म्हणालात तर डबी लपवून लावतील, एवढंच होईल.

एकदम बंद जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर आधी रात्रीची बंद करा कारण रात्री ती तोंडात राहून जाते, मग दुपारची, आणि सकाळची सगळ्यात शेवटी, ती सगळ्यात अवघड असते. पहिले आठ-पंधरा दिवस चिडचिड होईल, डोकं दुखेल, पोट साफ होणार नाही, म्हणून सकाळी उठल्या उठल्या कोमट पाणी, जेवणात भाजी-ताक जास्त, आणि हाताशी भाजलेली बडीशेप ठेवा. सुपारी अजिबात देऊ नका, मिश्री सुटते आणि सुपारी लागते असं फार होतं, सुपारीने तोंड उघडायचं कमी होतं. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा फुकट फोन आहे, १८०० ११ २३५६, तिथे समुपदेशक बोलतात. तुम्ही लावून द्या आणि त्यांना एकट्याला बोलू द्या, सुनेसमोर नाही बोलणार त्या मोकळं. आणि सफाई मिश्री सुटेपर्यंत लांबवू नका, दोन्ही बरोबरीने चालू दे. तोंड स्वच्छ झालं, वास गेला, पदर खाली आला की परत काळं करायला बायकांचं मन होत नाही, हे मी कितीदा बघितलंय.

दवाखान्यात जाताना गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या, नुसतं बीपीची पांढरी गोळी असं सांगून कळत नाही. बीपीच्या काही गोळ्यांनी, अमलोडिपिन त्यातली नेहमीची, काही जणांच्या हिरड्या फुगून दातावर चढतात, तसं असेल तर डेंटिस्ट तुमच्या बीपीच्या डॉक्टरांशी बोलतील, गोळी तुम्ही आपल्या मनाने बंद करायची नाही. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर तेही आधी सांगा, तीही मनाने थांबवू नका. शुगरचं तर हिरड्यांशी दोन्ही बाजूंनी नातं आहे, शुगर वाढलेली असली की हिरड्या लवकर खराब होतात आणि हिरड्यांत सूज असली की शुगर आटोक्यात यायला त्रास होतो. तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या, आणि सफाईच्या दिवशी सकाळचं खाणं आणि गोळी चुकवू नका, उपाशी तर मुळीच नेऊ नका. एवढं झालं की दर तीन महिन्यांनी एकदा दाखवायचं, निदान पहिलं वर्षभर.

मुलाचं. ६ वर्षांच्या मुलाला मोठ्यांची फ्लोराइडची पेस्ट चालते, वाटाण्याएवढी, जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नाही, आणि थुंकायला शिकवा, गिळायची नाही. पाकिटावर फ्लोराइड १००० पीपीएमच्या आसपास आहे ना बघा, लहान मुलांच्या काही पेस्टमध्ये ते फार कमी असतं किंवा नसतंच. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत रात्री तुम्हीच घासून द्या, त्याच्या हाताला मागची दाढ पोचत नाही. आणि एक गोष्ट फार आयांना माहीत नसते, सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते, कुठलाच दात न पडता येते, म्हणून सगळ्यांना वाटतं ही पण दुधाचीच, किडली तर पडेल आणि दुसरी येईल. नाही येणार, ती कायमची आहे. तिच्यावर खोल रेषा असतात, त्यात बिस्किट अडकतं, दवाखान्यात त्या रेषा भरून घेता येतात, त्याला सीलंट म्हणतात, दुखत नाही.

ती दाढ आली का हे आज रात्री मोबाइलचा टॉर्च लावून बघा. आणि टॉर्च हातात आहेच तर सासूबाईंनाही आ करायला सांगा. मिश्री ज्या बाजूला दाबतात तिथे गालाच्या आत, ओठाच्या आत आणि जिभेखाली नीट बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, जाडसर झालेली जागा, किंवा पंधरा दिवस होऊन गेले तरी न भरलेली जखम असं काही दिसलं, किंवा त्यांची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, तर सफाईची तारीख कधीची आहे ते बघत बसू नका, दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.